साहेब, त्या रात्री मला सोडायला नको होतं

प्रति,
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक, कोल्हापूर,
आणि रस्त्यावर उभे राहणारे वाहतूक शाखेचे व पोलीस ठाण्यांचे सर्व अंमलदार

स.न.वि.वि.

अपघाताची गाडी टेम्पोतून गॅरेजला उतरली की मी आधी तिचा मागचा टायर बघतो. लोकांना वाटतं, मी पुढच्या चाकाचा फोर्क बघत असेन. फोर्क वाकलेलाच असतो, त्यात बघायचं काय? पण माणसानं जीव खाऊन ब्रेक दाबला असेल तर मागच्या टायरवर एका जागी रबर खरवडून निघतं, टिकलीसारखी खूण राहते. शुद्धीतल्या माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, त्याला विचार करावा लागत नाही. प्यालेल्याच्या गाडीला बऱ्याचदा ती टिकली नसते. टायर कोरा. पुढं काय आलं हे कळायच्या आत गाडी त्यात घुसलेली असते. (ब्रेक दाबला तरी चाक जाम न होणाऱ्या एबीएसच्या गाड्यांना ही परीक्षा चालत नाही, पण आमच्याकडं येतात त्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या.)

हे कोर्टात टिकणार नाही, मला ठाऊक आहे. फुलेवाडीच्या बाजूला सव्वीस वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज चालवून आलेली नजर आहे, एवढंच. पण तेवढ्या जोरावर मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. मी त्यातलाच एक होतो, म्हणून लिहितोय.

2013 साली एका म्हाईच्या, म्हणजे जत्रेच्या, जेवणावरून मी परत येत होतो. मागं माझा धाकटा मावसभाऊ बसलेला, चोवीस वर्षांचा. पोटात तांबडा-पांढरा आणि मटण होतं, आणि त्याच्या आधी गावाबाहेर खोपीत बसून घेतलेली जवळजवळ अख्खी क्वार्टर. एका नाक्यावर बॅटरी दिसली, शिट्टी वाजली. तो नाका तुमच्या हद्दीतला की शेजारच्या, ते लिहीत नाही. त्या हवालदाराला अडचणीत आणायला हे पत्र नाही. त्यानं त्याचं काम केलं होतं. मशीन पुढं केलं, मी फुंकलं, आकडा आला. गाडी बाजूला लावायला सांगितली. मी खिशातून मोबाईल काढला आणि आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला लावला. तीन मिनिटांत नाक्यावरच्या साहेबांना फोन आला. साहेबांनी हवालदाराकडं बघितलं, हवालदारानं माझ्याकडं बघितलं, आणि चावी माझ्या हातात ठेवली. "सावकाश जा," म्हणाला.

ही गोष्ट मी पुढं कितीतरी वर्षं चहाच्या टपरीवर हसत सांगितली. आपली वट कशी आहे, बघा.

माझ्या लक्षात आलं नाही ते एवढंच, की मागं बसलेला पोरगा हे सगळं शिकत होता. प्यायल्यावर गाडी चालवू नये हे त्याला तोवर कुणी शिकवलंच नव्हतं. आणि चालवताना सापडलं तर काय करायचं, ते त्या रात्री मी त्याला करून दाखवलं.

2022 च्या जानेवारीत, ऐन गळिताच्या हंगामात, राधानगरी रोडला तो उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून गेला. रात्रीचे सव्वादहा. ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॉलीवाल्याची चूक आहेच, तिच्यावर वेगळं पत्र लिहीन. पण त्याच रस्त्यानं त्याच रात्री शेकडो गाड्या त्या ट्रॉलीला वळसा घालून गेल्या होत्या. पंचनामा झाल्यावर गाडी माझ्याकडंच आली. फोर्क मागं सरकून इंजिनला टेकलेला, हेल्मेट हँडलला अडकवलेलं आणि त्याला ओरखडासुद्धा नाही. मी मागचा टायर फिरवून फिरवून बघितला.

कोरा.

आता जे सांगणार आहे ते घरातल्यांनासुद्धा पूर्ण माहीत नाही. पंचनाम्याच्या वेळी तिथल्या अंमलदारासमोर मी हात जोडले. म्हटलं, दारूचा उल्लेख टाळा. कारण साधं होतं. गाडीमालकाचा जो 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीबरोबर घ्यावा लागतो, तो चालवणारा नशेत असेल तर मिळत नाही. पोराची बायको सव्वीस वर्षांची, कडेवर मूल. मी काय करणार होतो? पुढं काय लिहिलं गेलं आणि पैसे मिळाले की नाही, ते इथं सांगत नाही. पण हात जोडणारा मी पहिला नव्हतो, हे त्या अंमलदाराच्या तोंडावरूनच कळत होतं.

साहेब, म्हणून सरकारी आकडे वाचले की मला हसू येतं आणि मग येत नाही. केंद्राच्या अहवालात 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची, म्हणजे जवळजवळ निम्मी. आणि दारू किंवा नशेमुळं किती? तीन टक्क्यांच्या आत. बहुतांश दोष "अतिवेग" या एका रकान्यात. आमच्याकडं जत्रा, लग्न, वाढदिवस, उसाचं बिल, फुटबॉलची मॅच जिंकली, फुटबॉलची मॅच हरली, यातल्या कशालाही बाटली चालते, आणि तरी दारूनं मरणारे शंभरात तिघंसुद्धा नाहीत? जिवंत सापडलेल्याला आपण मशीनमध्ये फुंकायला लावतो. मेलेला फुंकत नाही. जखमी फुंकायच्या अवस्थेत नसतो, आणि त्याच्या उशाशी माझ्यासारखा कुणीतरी हात जोडून उभा असतो. मग तो जातो अतिवेगाच्या रकान्यात. आणि दारूचा रकाना रिकामा दिसला की वरून बघणाऱ्याला वाटतं, इथं फार काही करायची गरज नाही.

म्हणून माझी पहिली मागणी नाकाबंदीची नाही, अपघाताची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 203 मध्ये अपघातात सापडलेल्या चालकावर दारूचा संशय असेल तर त्याची श्वासतपासणी करता येते, तो दवाखान्यात दाखल असला तरी डॉक्टरांच्या संमतीनं तिथं जाऊन करता येते. कलम 204 मध्ये रक्ताची तपासणी आहे. हे संशयावर आणि ओळखीवर न सोडता दुचाकीच्या प्रत्येक गंभीर अपघातात करायचंच, असा नेम तुम्ही जिल्ह्यापुरता घालून द्या. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, आलेला असो की खासगी दवाखान्यात. नातेवाइकांनी हात जोडले तर अंमलदाराला सांगता आलं पाहिजे, "दादा, हे माझ्या हातात नाही, वरूनच आहे." मला त्या दिवशी कुणीतरी एवढं म्हणायला हवं होतं. मी रडलो असतो, भांडलो असतो, आणि गप्प बसलो असतो.

आता नाकाबंदी.

31 डिसेंबरला तुम्ही शहराच्या सगळ्या तोंडांवर उभे असता. गटारीला असता. गणपती विसर्जनाला तर अख्खं पोलीस दल रस्त्यावर असतं. सगळ्या गावाला ते माहीत असतं, त्यामुळं त्या रात्री पिणारा जागेवरच झोपतो किंवा मित्राच्या चारचाकीतून येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात "इतक्या तळीरामांवर कारवाई" म्हणून चौकट येते. पण कोल्हापूरचा खरा वार कुठला, हे तुम्हाला इथं येऊन महिना झाला असेल तरी कुणीही सांगेल. सोमवार, गुरुवार, शनिवार बरेच जण पाळतात. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे. मटणाच्या दुकानापुढं सकाळी रांग दिसली की संध्याकाळी पन्हाळा रोड, गगनबावडा रोड, राधानगरी रोड, कागलच्या बाजूचा हायवे इथं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. रात्री साडेनऊ ते साडेअकरा. म्हणजे 31 डिसेंबर आमच्याकडं आठवड्यातून तीनदा येतो.

शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारी माझी एक भाची आहे. तिनं मला राजस्थानातल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. तिथल्या पोलिसांबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे मंडळींनी तो केला होता. दोघांना पुढं 2019 मध्ये नोबेल मिळालं. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी कायम एकाच, सगळ्यात मोक्याच्या जागी ठेवली. काही ठिकाणी ती तीन जागांवर फिरती ठेवली, आज कुठं असेल ते कळायचं नाही. फिरत्या नाकाबंदीनं रात्रीचे अपघात 17 टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. एकाच जागच्या नाकाबंदीचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. कारण पिणाऱ्यानं आडवाट शोधली. हे ऐकून मी भाचीला म्हटलं, याला नोबेल कशाला पाहिजे, कुठल्याही कॉलेजच्या पोराला विचार, पोलीस कुठं उभे आहेत आणि कुठल्या गल्लीतून जायचं ते सांगेल. आता तर ग्रुपवर मेसेज पडतो. पण तिनं आणखी एक गोष्ट सांगितली ती मला जास्त पटली. पोलीस ठाण्याच्या माणसांपेक्षा पोलीस लाइनीतून, म्हणजे राखीव पोलिसांतून, आणलेली स्वतंत्र पथकं जास्त नेमानं आणि नीट काम करत होती.

साहेब, कोल्हापुरात हे दुप्पट खरं ठरेल. इथं प्रत्येकाचा प्रत्येकाशी काहीतरी संबंध असतो. हवालदार आमच्या तालमीचा असतो, नाहीतर त्याचा साडू आमच्या गल्लीत राहतो. तो वाईट नसतो. पण ज्याच्याबरोबर सकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यालो, त्याला रात्री फुंक म्हणणं अवघड जातं. म्हणून भागातला माणूस भागात उभा करू नका. करवीरचा पन्हाळ्याकडं पाठवा, पन्हाळ्याचा कागलला. अर्ध्या-पाऊण तासानं जागा बदला. बुधवारी चार अंमलदार आणि एक मशीन पुष्कळ झालं, 31 डिसेंबरसारखी फौज नको.

आणि तो फोन. त्यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त एवढं करा: मशीनमध्ये आकडा उमटला की त्याची छापील चिठ्ठी निघू दे, नंबर पडू दे आणि त्या रात्रीच्या सगळ्या नंबरांचा हिशेब सकाळी लागू दे. दहा जण फुंकले, तिघांचा आकडा वर, म्हणजे तीन केसेस. दोन का झाल्या, हे एका कागदावर कुणीतरी सही करून लिहायचं. फोन करणारा पुढारी सहीला घाबरतो, साहेबांनाही सहीची आठवण देता येते.

कायदा नाही असं नाही. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत किंवा 15,000. मला सोडलं तेव्हा पहिला दंड 2,000 पर्यंतच होता, 2019 च्या दुरुस्तीनं तो वाढला. पण माझ्याकडं येणारी गिऱ्हाइकं दंडाचा आकडा सांगतात आणि विसरतात. 10,000 म्हणजे एका चांगल्या मोबाईलचे पैसे. कुणी लायसन्सचं नाव काढत नाही. त्याच कायद्याच्या कलम 20 मध्ये लिहिलंय, की या गुन्ह्यात दोषी ठरला तर कोर्टानं त्याला किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं आहे. सहा महिने! एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या पोराला याच्याइतकं काही झोंबणार नाही. शिरोलीला, गोकुळ शिरगावला सहा महिने केएमटीच्या बसनं जायचं, नाहीतर बायकोच्या स्कूटीवर मागं बसून. गल्लीत चर्चा होईल ती याचीच. तुमच्याकडून कोर्टात जाणारा कागद या मागणीसकट जाऊ दे, आणि दर महिन्याला जिल्ह्यात किती लायसन्स अपात्र झाली तो आकडा पेपरात येऊ दे. तळीरामांची संख्या छापून काही होत नाही.

एक बारीक गोष्ट, पण मला नेहमी खटकते. नाक्यावर प्यालेल्याला थांबवतात, आणि गाडी जप्त करण्याऐवजी कधीकधी मागं बसलेल्याला म्हणतात, "तू चालव." मागचा काय देवळातून आलेला असतो काय? त्यालाही फुंकायला लावा.

सकाळचंही बोललं पाहिजे. आमच्याकडं समज आहे की मटण खाल्लं, ताक प्यालं, लिंबू चोखलं, तासभर पडलं की उतरते. उतरत नाही. रक्तातलं अल्कोहोल दर 100 मिलिलिटरमागं ताशी साधारण 15 मिलिग्रॅमच्या वेगानं कमी होतं, त्याला दुसरा उपाय नाही. 65 किलोच्या माणसानं 180 मिलीची क्वार्टर संपवली तर आकडा 130 च्या आसपास जातो. तिथून 30 च्या खाली यायला सहा-सात तास लागतात. म्हणजे रात्री दहाला बसणं संपवून झोपलेला आणि पहाटे साडेचारला कॅन अडकवून डेअरीला दूध घालायला निघालेला माणूस कायद्यानं अजून प्यालेलाच असतो. त्याला स्वतःला ते खोटं वाटेल, इतका तो ताजातवाना असतो. वर्षातून चार-सहा वेळा तरी पहाटेची नाकाबंदी लावा. लोक चिडतील. पण दुधाच्या कट्ट्यावर त्या दिवशी दुसरा विषय निघणार नाही.

ढाब्यांचा विषय तुमच्या एकट्याचा नाही, राज्य उत्पादन शुल्कचाही आहे. सुप्रीम कोर्टानं 15 डिसेंबर 2016 ला हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करा म्हटलं. काही महिने हायवे सुकला. मग लहान गावांना अंतरात सवलत मिळाली, महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या, आणि गाडं बऱ्यापैकी पूर्वपदावर आलं. ते राहू दे. पण ज्या ढाब्याला परवानाच नाही आणि जिथं स्टीलच्या ग्लासात "पाणी" मिळतं, तिथं दारूबंदी कायद्याचं मालकावर कलम 68 आणि बसणाऱ्यांवर कलम 84 लागतं. ढाब्याच्या आत जाऊन तमाशा करायची गरज नाही. ढाब्याच्या पार्किंगमधल्या दुचाकी मोजा. वीस स्प्लेंडर उभ्या आणि आत वीसच माणसं म्हणजे प्रत्येक जण स्वतः चालवत जाणार आहे. दोनशे मीटर पुढं उभं राहायचं, बस्स.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. बंदोबस्त, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, अंबाबाईचा नवरात्रोत्सव, जोतिबाची चैत्र यात्रा, आणि त्यातून उरलेल्या वेळात रात्री बाराला एका प्यालेल्याची शिवी ऐकायची. वर सकाळी त्याचाच व्हिडिओ बघायचा, अर्धा कापलेला. आम्ही कोल्हापूरकर सोपे नाही. टोल घालवला, हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वर्षानुवर्षं भांडून ते आणलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण हेल्मेटसक्तीचं नुसतं नाव निघालं की पहिली बैठक विरोधाचीच बसते, आणि त्या बैठकीत मीही बसलोय. नीट घातलेलं हेल्मेट मरण्याचा धोका 40 टक्क्यांनी कमी करतं. माझ्या गॅरेजात हँडलला अडकवलेली, कोरी करकरीत हेल्मेटं मी किती बघितली, ते विचारू नका. उद्या तुम्ही बुधवारची नाकाबंदी सुरू केलीत तर तिसऱ्या आठवड्यात कुठली तरी कृती समिती निवेदन घेऊन येईल. चहा पाजा, निवेदन घ्या आणि बुधवारी पुन्हा उभे राहा. आणि पहिल्या रात्री एखादी खाकी वर्दीतली दुचाकी सापडली तर तिलाही फुंकायला लावा. मग निवेदनवाल्यांचा निम्मा आवाज आपोआप बसेल.

मावसभावाची गाडी अजून माझ्याकडं मागच्या बाजूला ताडपत्रीखाली आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. वहिनी न्यायला येत नाहीत आणि मला द्यायला होत नाही.

मी दारू सोडली असं सांगणार नाही, तेही खोटं होईल. महिन्यातून एखाद्या वेळी बसतो, चालत घरी जाण्याइतक्या अंतरावर. निदान तसं ठरवलेलं आहे. बुधवारी रात्री साडेनवाला शटर ओढून मी काळ्या स्प्लेंडरवरून रिंग रोडनं घरी जातो. मला थांबवा. त्या पुढाऱ्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे, आणि हात खिशाकडं जातो की नाही, ते मलाही बघायचंय.

आपला,
एक टू-व्हीलर मेकॅनिक
फुलेवाडी, कोल्हापूर